एक्सेलला काढलेल्या यादीत मधूनच कॉलम सरकतात आणि गट नंबरच्या तारखा होतात, मुळावर इलाज काय?

शेतकीविभाग:
नमस्कार मंडळी. मी एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात आहे. ऊस नोंदीची यादी डेटाबेसमधून काढून एक्सेलला घ्यायची आणि बिलाच्या वेळी तीच बँकेच्या फाइलसाठी तयार करायची, हे माझं काम. सभासद नंबर, नाव, पत्ता, गाव, गट नंबर, क्षेत्र, लागण की खोडवा, शेरा, मोबाइल, खाते नंबर, आयएफएससी असे अकरा कॉलम आहेत. सॉफ्टवेअर बाहेरून करून घेतलेलं आहे, डेटाबेस मायएसक्यूएल. त्यात 'एक्सेलला पाठवा' असं बटण आहे. ते दाबलं की सीएसव्ही (कॉमाने कॉलम वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) उतरते आणि डबल क्लिक केलं की एक्सेलमध्ये उघडते.

पहिल्या चारशे ओळी सरळ असतात. ४१२ व्या ओळीत गावाच्या जागी पत्त्याचा तुकडा येतो, गट नंबरच्या जागी गाव, मोबाइलच्या जागी शेरा आणि आयएफएससीच्या जागी खाते नंबर. पुढच्या ओळीपासून पुन्हा सगळं जागेवर. मग कुठेतरी एक ओळ अर्धीच संपते आणि उरलेली अर्धी खालच्या ओळीत पहिल्या कॉलमपासून सुरू होते. शिवाय गट नंबर ५/२ असेल तर तिथे '०५-फेब' दिसतं.

तीन गळीत हंगाम मी हे हाताने सरळ करतोय. गेल्या हंगामात एक सेल काढताना 'शिफ्ट सेल्स लेफ्ट'ऐवजी 'शिफ्ट सेल्स अप' दाबलं गेलं. त्या कॉलममधले खालचे सगळे खाते नंबर एकेक ओळ वर चढले. फाइल बँकेत जाण्याआधी आमच्या अकाउंट्समधल्या ताईंनी सहज दहा नावं पासबुकाशी ताडून पाहिली म्हणून कळलं. नाहीतर एकाच्या उसाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले असते, कारण बँक पैसे जमा करते ते खाते नंबर बघून. त्या दिवसापासून या यादीला हात लावताना छातीत धडधडतं. कृपया मुळापासून सांगा.

रात्रपाळी:
आधी एक करा. ती फाइल एक्सेलमध्ये न उघडता नोटपॅडमध्ये उघडा आणि बिघडलेल्या ओळी इथे डकवा. नावं, मोबाइल, खाते नंबर बदलून टाका. फाइल चुकीची लिहिली गेली आहे की बरोबर असून एक्सेल चुकीची वाचतंय, हे नोटपॅडमध्येच कळतं. त्याशिवाय आपण सगळे अंदाज मारत बसू.

शेतकीविभाग:
हे घ्या. ४१२ वी ओळ अशी आहे:

४४१०२,शिंदे बा. ग.,मळा, पाण्याच्या टाकीजवळ,वाडी,५/२,०.८०,खोडवा,शेरा नाही,मोबाइल,खाते,आयएफएससी

आणि अर्धी तुटलेली अशी:

४४३१७,पवार द. रा.,गावठाण,वाडी,२१०/३,१.२०,लागण,वाटणी झाली
नवीन ७/१२ बाकी,मोबाइल,खाते,आयएफएससी

रात्रपाळी:
उत्तर तुमच्या पहिल्याच ओळीत आहे. 'मळा, पाण्याच्या टाकीजवळ' यात पत्त्यातच कॉमा आहे. सीएसव्हीत कॉमा म्हणजे कॉलमची भिंत. पत्त्यातला कॉमा कुठला आणि भिंतीचा कुठला हे एक्सेलला कसं कळणार? त्याला अकराऐवजी बारा तुकडे दिसले, म्हणून तिथून पुढचं सगळं एक घर उजवीकडे गेलं. पुढच्या ओळीतल्या पत्त्यात कॉमा नाही, म्हणून ती सरळ.

दुसऱ्या ओळीत शेऱ्यात कुणीतरी 'वाटणी झाली' लिहून एंटर मारला आणि मग पुढचं लिहिलं. फाइलमध्ये एंटर म्हणजे नवी ओळ, म्हणून नोंद तुटली.

यासाठी नियम ठरलेला आहे. सीएसव्ही कित्येक वर्षं नुसती वापरातली रीत होती, २००५ मध्ये आरएफसी ४१८० या नावाच्या इंटरनेटच्या नियमपत्रकात ती कागदावर आली. ज्या मजकुरात कॉमा, एंटर किंवा डबल कोट आहे तो मजकूर डबल कोटमध्ये बंद करायचा. मजकुराच्या आतच डबल कोट असेल तर तो दोनदा लिहायचा. तुमचं बटण यातलं काहीच करत नाही. दोष तुमचा नाही आणि एक्सेलचाही नाही. हा दोष फाइल लिहिणाऱ्या प्रोग्रॅमचा आहे आणि तो तिथेच दुरुस्त करून मागा. हाताने सेल सरकवणं आजपासून बंद करा.

घाटमाथा:
कॉमाऐवजी टॅब किंवा उभी रेघ वापरली तर प्रश्नच मिटतो की. आमच्या दूध संघात आम्ही उभी रेघच वापरतो, पत्त्यात ती कोणी टाइप करत नाही.

रात्रपाळी:
कॉमाचा त्रास जाईल, एंटरचा राहील. वेगळी खूण घेतल्याने धोका कमी होतो, जात नाही. वर्डमधून कॉपी करून पत्ता टाकणारा एखादा माणूस त्यात टॅबही आणतो. मजकूर कोटमध्ये बंद केला की मग खूण कोणतीही असो. मात्र फाइल उघडणारे तुम्ही एकटेच असाल आणि शेऱ्यात एंटर येऊच देत नसाल, तर उभी रेघ चालेल, मी नाही म्हणणार नाही.

शेतकीविभाग:
कंपनीला फोन केला. त्यांच्या मुलाने लगेच बदल करून दिला, आता सगळा मजकूर कोटमध्ये येतो. ४१२ वी ओळ सरळ झाली! खूप धन्यवाद. पण पूर्वी सरळ असलेली एक ओळ आता बिघडली:

"४४८९०","जाधव वि. म.","चव्हाण वस्ती","वाडी","८८/१","१.००","लागण","विहिरीवरून ४" पाइप, ३ एचपी मोटर","मोबाइल","खाते","आयएफएससी"

शेऱ्याचे दोन तुकडे होतात आणि दुसऱ्याच्या शेवटी एक कोट लटकतो.

जुनाफॉक्सप्रो:
चार इंची पाइप! इंचाची खूण म्हणजेच डबल कोट. त्यांनी मजकुराच्या आगेमागे कोट चिकटवले, पण आतला कोट दोनदा केला नाही. एक्सेलने चारच्या पुढचा कोट बघितला, मजकूर संपला असं धरलं, आणि पुढचा कॉमा भिंत म्हणून वाचला. तिथे ४"" पाइप असं यायला हवं. पूर्वी ही ओळ सरळ होती असं म्हणता, पण त्यात कॉमाही आहे, तेव्हा तीही सरकतच असणार. नीट बघा.

शेतकीविभाग:
हो, बरोबर. जुनी फाइल काढून बघितली, तेव्हाही सरकलेली होती. मी दरवेळी हाताने सरळ करत आलो म्हणून सरळ वाटली. आता कंपनीने आतले कोट दुप्पट केले. ओळ जागेवर आली.

रात्रपाळी:
तुम्ही स्वतः क्वेरी चालवून फाइल काढत असाल तर मायएसक्यूएलची एक खोच सांगतो, कारण यात मी स्वतः दोन रात्री घालवल्या आहेत. निकाल थेट फाइलमध्ये लिहिणारं 'इंटू आउटफाइल' वापरलं की ते आतल्या कोटच्या आधी उलटी तिरकी रेघ लावतं. एक्सेलला ती रेघ कळत नाही. म्हणून 'एस्केप्ड बाय'मध्ये डबल कोटच द्यावा लागतो, म्हणजे कोट दुप्पट होतो. पण मग नल (काहीच न भरलेलं) असलेल्या जागी एक डबल कोट आणि एन हे अक्षर छापलं जातं. तो सुटा कोट एक्सेलला मजकुराची सुरुवात वाटतो आणि पुढचे कॉलम तो गिळत जातो. उपाय सोपा आहे. ज्या ज्या कॉलममध्ये नल येऊ शकतं त्याला 'इफनल' लावून रिकामा मजकूर द्या. शेऱ्यातले एंटर 'रिप्लेस'ने काढा, आणि दोन्ही काढा, १३ नंबरचं अक्षर आणि १० नंबरचं. विंडोजवर एंटर म्हणजे ही दोन अक्षरं जोडीने येतात, एकच काढलं तर दुसरं ओळ तोडतं.

पोस्टग्रेस हा डेटाबेस वापरणाऱ्यांना हे फार करावं लागत नाही. तिथे 'कॉपी'ला सीएसव्ही आणि हेडर सांगितलं की कोट नियमाप्रमाणे पडतात. ओरॅकलच्या एसक्यूएल प्लसमध्ये १२.२ आवृत्तीपासून 'सेट मार्कअप सीएसव्ही ऑन' आहे. त्याआधीच्या आवृत्तीत स्पूल करणाऱ्यांनी, म्हणजे निकाल फाइलमध्ये उतरवणाऱ्यांनी, लाइनसाइझ आणि पेजसाइझ बघावं. मुळात ओळ ८० अक्षरांची आणि पान १४ ओळींचं असतं, म्हणून लांब ओळ दुमडते आणि दर पानाला मथळे पुन्हा छापले जातात.

हिशेबनीस:
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, पण कॉलमचाच आहे म्हणून इथेच विचारते. आमच्या पतसंस्थेत क्रिस्टल रिपोर्ट हे अहवाल छापायचं सॉफ्टवेअर आहे. अहवाल छापला तर देखणा दिसतो. एक्सेलला काढला की 'शिल्लक' हा मथळा एफ कॉलममध्ये आणि आकडे जी-मध्ये. मध्ये दोन-दोन मिलिमीटरचे रिकामे कॉलम, निम्मे सेल मर्ज झालेले. सॉर्ट केलं की मर्ज सेलची तक्रार येते. वर्षअखेरीला हे सगळं मीच निस्तरते.

जुनाफॉक्सप्रो:
ताई, क्रिस्टलचा रिपोर्ट म्हणजे कागदावर मांडलेले चौकोन. एक्सेलला काढताना प्रत्येक चौकोनाच्या डाव्या-उजव्या कडेवरून तो कॉलम पाडतो. मथळ्याचा चौकोन आकड्याच्या चौकोनापेक्षा केसभर डावीकडे असेल, तर त्या केसभर जागेचाही एक कॉलम होतो. डोळ्यांना कागदावर ते दिसत नाही.

दोन गोष्टी करा. डिझाइनमध्ये मथळा, आकडा आणि खालची बेरीज तिन्ही एकाच उभ्या गाइडलाइनला दोन्ही कडांनी चिकटवा. नुसतं डावीकडे जुळवून चालत नाही, रुंदीही तीच हवी. आणि एक्सपोर्ट करताना साधा एक्सेल न निवडता 'डेटा ओन्ली' निवडा. त्यात कॉलमची रुंदी डिटेल्स सेक्शनवरून घ्यायला सांगा आणि 'मेंटेन कॉलम अलाइनमेंट'वर खूण करा. संस्थेचं नाव आणि लोगो त्या एक्सपोर्टमध्ये येऊच देऊ नका, तो पसरट चौकोनच जास्त त्रास देतो.

मुळामुठा:
हाच नियम मायक्रोसॉफ्टच्या एसएसआरएस या अहवालाच्या सॉफ्टवेअरला लागू आहे, कडा जुळल्या नाहीत की मर्ज सेल. जॅस्पर या तशाच सॉफ्टवेअरमध्येही तेच, तिथे कॉलममधली रिकामी जागा काढून टाकायची सेटिंग आहे.

हिशेबनीस:
तीन मथळे खरंच जरासे सरकलेले निघाले. आजची खतावणी पहिल्यांदाच एका दमात सॉर्ट झाली. जुनाफॉक्सप्रो काका, मनापासून आभार.

शेतकीविभाग:
आता गट नंबरबद्दल सांगाल का? कोट लावूनही ५/२ ची तारीखच होते.

मुळामुठा:
कोट लावल्याने मजकूर एकसंध राहतो, तो मजकूर आहे हे एक्सेल मानत नाही. डबल क्लिकने उघडलं की ते प्रत्येक सेल स्वतःच्या मनाने वाचतं. ५/२ म्हणजे ५ फेब्रुवारी, आणि चालू वर्षही आपोआप जोडलं जातं. २१०/३ ची तारीख होत नाही, म्हणून तो जसाच्या तसा राहतो. त्यामुळे एकाच कॉलममध्ये काही गट नंबर उजवीकडे चिकटलेले आणि काही डावीकडे दिसतील. हे लक्षात ठेवा, फार कामाचं आहे. मुद्दाम अलाइनमेंट दिली नसेल तर एक्सेलमध्ये मजकूर डावीकडे आणि आकडा, तारीख उजवीकडे जाते. उजवीकडे गेलेला प्रत्येक गट नंबर बिघडलेला समजा.

मी जनुकांच्या माहितीवर काम करतो, आमच्याकडे हे दुखणं जुनं आहे. सेप्ट १, मार्च १ अशा नावांच्या जनुकांच्या तारखा व्हायच्या. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली, सेप्ट १ चं सेप्टिन १ आणि मार्च १ चं मार्चएफ १. तुम्हाला काही गट नंबर बदलता येणार नाहीत, ते सातबाऱ्यावर आहेत. म्हणून उघडायची पद्धत बदला.

फाइलवर डबल क्लिक नको. रिकामी शीट उघडा, डेटा टॅबमध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या. एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) ६५००१ यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठी नावांचा चुरा होतो. मग थेट 'लोड' न करता 'ट्रान्सफॉर्म डेटा' करा आणि गट नंबर, मोबाइल, खाते नंबर हे तीन कॉलम 'टेक्स्ट' करा. आधीच 'चेंज्ड टाइप' अशी पायरी लागलेली असेल तर ती पुसा, नंतर टेक्स्ट केलं तर तारखेचा मजकूर होईल, गट नंबर परत येणार नाही. शेऱ्यात एंटर ठेवायचेच असतील तर पहिल्या पायरीच्या चाकावर क्लिक करून 'इग्नोर कोटेड लाइन ब्रेक्स' निवडा.

घरी लिबर ऑफिस असेल तर ते सीएसव्ही उघडतानाच हे सगळं विचारतं.

रात्रपाळी:
खाते नंबर टेक्स्ट करणं सर्वांत महत्त्वाचं. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच धरतं. सोळा अंकी खाते नंबर आकडा म्हणून उघडला की शेवटचा अंक शून्य होतो. गुपचूप. पुढची शून्यं तर उडतातच. आणि बारा अंकी नंबर १.२३ई+११ असा ई-वाला दिसतो. तो नुसता दिसण्यापुरता असतो, पण त्याच अवस्थेत फाइल परत सीएसव्ही म्हणून सेव्ह केली की जे दिसतंय तेच लिहिलं जातं. मग अंक गेलेच. म्हणून बँकेची फाइल एक्सेलमधून फिरवूच नका. बघायची असेल तर प्रत उघडून बघा, पाठवा ती डेटाबेसमधून निघालेलीच.

घाटमाथा:
आम्ही खाते नंबरच्या आधी बरोबरचं चिन्ह लावून कोटमध्ये टाकतो, मग शून्यं राहतात.

रात्रपाळी:
एक्सेलपुरतं चालतं. पण तीच फाइल बँकेच्या प्रोग्रॅमने वाचली तर त्याला खाते नंबरमध्ये बरोबरचं चिन्ह दिसेल आणि सगळी यादी परत येईल. ऊस बिलाच्या फाइलला हे करू नका.

नेकारकाठ:
मी स्टुटगार्टला असतो, पुण्याच्या टीमकडून फाइली येतात. आमच्याकडे उलट अडचण होते, सगळे कॉलम ए-मध्येच कोंबलेले. जर्मनीत दशांशासाठी कॉमा वापरतात, म्हणून विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये यादीची खूण अर्धविराम असते आणि एक्सेल तीच शोधतं. पुण्याची फाइल बरोबर, आमचं एक्सेलही बरोबर, तरी जमत नाही. फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्हीत खूण कॉमा निवडली की उघडते. फक्त लोकॅल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) इंग्रजी ठेवा, नाहीतर १.२० हेक्टरचा पॉइंट भलतंच काही होऊन बसतो.

जुनाफॉक्सप्रो:
आमच्या वेळी सीएसव्ही नव्हती वापरात, ठरावीक रुंदीची टेक्स्ट फाइल असायची. नावाला ३० घरं, गावाला १५. इंग्रजीत ती अजूनही सरळ येते. मराठीत येत नाही, आणि त्याचं कारण इथे कोणीतरी नोंदवून ठेवायला हवं. 'मराठी' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, संगणकाला पाच: म, र, काना, ठ, वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइट. 'क्षेत्र' डोळ्यांना दोन, संगणकाला सात. मजकुरापुढे मोकळी जागा भरणाऱ्या 'आरपॅड' या फंक्शनने ३० पर्यंत जागा भरली तर तो संगणकाची अक्षरं मोजून भरतो, आणि काना-मात्रा जास्त असलेल्या नावापुढे जागा कमी पडते. म्हणून मराठी यादीत ठरावीक रुंदीचा हट्ट सोडा. समोरचा कार्यालयीन नमुना तसाच मागत असेल तर आधी विचारा की रुंदी अक्षरांत मोजायची की बाइटांत.

मुळामुठा:
अजून एक विचारायचं राहिलं. बटणातून कधी सीएसव्हीऐवजी एक्सएलएस येते का? त्या जुन्या प्रकारात ६५,५३६ च ओळी मावतात. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून याच कारणाने सुटले होते. सभासद यादी मावेल, पण हंगामभराच्या वजनकाट्याच्या पावत्या मावणार नाहीत.

शेतकीविभाग:
पावत्या एक्सएलएसमध्येच निघत होत्या. आता एक्सएलएसएक्स मागितली आहे, त्यात दहा लाखांवर ओळी मावतात.

एक विचारतो. हे सगळं केलं तरी हजारो ओळींत एखादी सरकलेली राहिली नाही हे कसं समजायचं? नजरेवर माझा विश्वास उरलेला नाही.

रात्रपाळी:
नजरेवर ठेवायचाच नाही. क्वेरीत सर्वांत शेवटी बारावा कॉलम घाला आणि त्यात प्रत्येक ओळीला एकच शब्द द्या, समजा 'समाप्त'. फाइल उघडली की बाराव्या कॉलमला फिल्टर लावा. 'समाप्त' सोडून दुसरं काहीही, रिकामं धरून, जिथे दिसेल ती ओळ सरकलेली. कॉमाने सरकली तर शब्द तेराव्यात जाईल किंवा कापला जाईल, एंटरने तुटली तर अलीकडेच राहील. शिवाय डेटाबेसमध्ये 'काउंट' घेऊन ओळींची संख्या आणि क्षेत्राची बेरीज काढा, शीटमधल्या बेरजेशी जुळली पाहिजे. बँकेच्या फाइलला मीही दरवेळी हे करतो.

शेतकीविभाग:
आज सकाळी केलं. बाराव्या कॉलममध्ये 'समाप्त'शिवाय तीन ओळी निघाल्या. तिन्हींत शेऱ्यात एंटर, कंपनीने १० नंबरचं अक्षर काढलं होतं, १३ चं राहिलं होतं. तेही झालं. ओळी जुळल्या, क्षेत्राची बेरीज दोन दशांशांपर्यंत जुळली. खाते नंबर सगळे डावीकडे चिकटलेले.

गट नंबरच्या कॉलमला मात्र टेक्स्ट करूनही ४३ ठिकाणी '०५-फेब', '०७-मार्च' असंच दिसत होतं. आधी वाटलं उघडताना चुकलो. मग डेटाबेसमध्येच बघितलं, तिथेही तेच लिहिलेलं आहे. कधीतरी कुणीतरी एक्सेलमधली यादी दुरुस्त करून परत आत चढवली असणार. बहुतेक मीच, दुसऱ्या हंगामात गावांची नावं सुधारून चढवली होती. ०५-फेबवरून ५/२ असं लिहून टाकण्याचा मोह झाला. पण तो ५/२ होता की ५-२, की एखाद्या अमेरिकन सेटिंगच्या संगणकावर उघडलेला २/५, हे आता त्या सेलवरून कळत नाही.

म्हणून ४३ सभासदांची यादी गावांप्रमाणे लावून चिटबॉयकडे (गावोगाव फिरून ऊस नोंदी करणारा कारखान्याचा कर्मचारी) दिली आहे. शेतकऱ्याकडून सातबारा बघून गट नंबर हाताने लिहून आणायचा. वाडीचे नऊ आज संध्याकाळी आले. त्यातले सात ५/२ सारखेच निघाले, दोन उलटे होते.